अंदमान: पोर्ट ब्लेअर शहरात आणि आसपास काय काय बघावं? (ज्येष्ठ नागरिक सोबत, डिसेंबर)

सायली_दादर

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन अंदमानला चालले आहे. सात रात्री आहेत. बाबा ७४ वर्षांचे, आई ७०. आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर ती व्यवस्थित चालते, जिने मात्र एकेक पायरी करत चढते.

बाबांना शाळेत असल्यापासून सावरकरांची कोठडी बघायची आहे. आयुष्यभर नोकरी, आमची शिक्षणं, मग लग्नं, यात ते राहूनच गेलं. आता त्यांना घेऊन जायचंच, असं मी ठरवलंय.

ट्रॅव्हलवाल्याने दिलेला कार्यक्रम असा: पहिल्या दिवशी दुपारी सेल्युलर जेल, दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बोटीने हॅवलॉक, तिथे तीन रात्री, नील बेटावर एक, मग परत येऊन एक दिवस पहाटे तीनला उठून बाराटांग, आणि विमान. त्याचं म्हणणं, "पोर्ट ब्लेअरमध्ये काही नाही मॅडम, तिथे फक्त बोट पकडायला उतरायचं." हे खरं आहे का? तिथे जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.

पश्चिमवारा

अजिबात खरं नाही. मी दोनदा गेलोय, पहिल्यांदा तुमच्यासारखाच धावता कार्यक्रम घेऊन, दुसऱ्यांदा शांतपणे. त्या अनुभवावरून सांगतो, शहराला किमान तीन रात्री द्या. तुमच्या बाबांसाठी तर नक्कीच.

सगळ्यात आधी सूर्याचा हिशोब समजून घ्या, तो कुणी सांगत नाही. पोर्ट ब्लेअर मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ वीस रेखांश आहे, म्हणजे सूर्याच्या दृष्टीने आपल्यापेक्षा साधारण एक तास वीस मिनिटं पुढे. घड्याळ मात्र तेच. त्यामुळे डिसेंबरात साडेपाचला सूर्य वर येतो आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतो. मुंबईच्या सवयीने नऊला नाश्ता करून दहाला बाहेर पडलात, तर अर्धा दिवस गेला म्हणून समजा. दुपारी तीनला "अजून वेळ आहे" म्हणणारे लोक साडेपाचला अंधारात समुद्राकडे बघत बसलेले मी पाहिलेत. सहाला बाहेर पडा, अकराला परत या, जेवून झोपा, अडीचला पुन्हा निघा. वयस्कर माणसांना हे वेळापत्रक फार मानवतं.

आता जेल. कृपा करून ते विमानातून उतरल्या उतरल्या, थकलेल्या अंगाने बघू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडताच जा. बांधकाम १८९६ ला सुरू झालं आणि १९०६ ला संपलं. मधला मनोरा आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात तीनमजली इमारती, कोठड्या सातशेच्या आसपास. आज त्यातल्या तीनच इमारती उरल्यात. एकीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे येईल अशी रचना आहे, म्हणजे कैद्याला दुसऱ्या कैद्याचा चेहराही दिसू नये. हे पुस्तकात वाचून कळत नाही, त्या व्हरांड्यात उभं राहिल्यावर कळतं.

एक गोष्ट बाबांना मुद्दाम दाखवा: कोठडीच्या दाराची कडी. दार गजांचं आहे, पण कडीचा दांडा लांब, काटकोनात वळलेला, आणि कुलूप दारावर नाही तर बाजूच्या भिंतीतल्या एका खोबणीत. आतून हात बाहेर काढून कितीही ताणला तरी बोटं तिथे पोचत नाहीत. मी पाहिलंय करून. बोटांची टोकं आणि कुलूप यांच्यात जेमतेम दीड-दोन वितींचं अंतर राहतं.

तात्याराव, म्हणजे सावरकर, ४ जुलै १९११ ला तिथे पोचले. वय २८, दोन जन्मठेपी मिळून पन्नास वर्षांची शिक्षा. त्यांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, अगदी टोकाची. जिना चढावाच लागतो. त्यांचे थोरले भाऊ बाबाराव आधीच त्याच तुरुंगात होते. दोघे भाऊ एकाच भिंतीच्या आत, आणि एकमेकांशी बोलायची चोरी. १९२१ मध्ये दोघांना तिथून हलवलं. खाली अंगणात कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, ठेवलाय. रोज तीस पौंड खोबरेल काढायचं, नाही भरलं तर शिक्षा. मनोऱ्यात संगमरवरी पाट्यांवर कैद्यांची नावं आहेत. बंगालची नावं खूप आहेत, पंजाबची आहेत, आपल्याकडचीही आहेत. त्या पाट्या वाचायला वेळ ठेवा. बहुतेक गट तिथून न थांबता पुढे जातात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम वेगळ्या दिवशी करा. अंगणातला पिंपळ गोष्ट सांगतोय अशी त्याची मांडणी आहे. तिकीट आधी काढून ठेवा, ऐनवेळी मिळत नाही.

बाकीचं सावकाश लिहितो.

भाऊचा_धक्का

पश्चिमवारा यांच्याशी सहमत, आणि बोटीबद्दल माझी भर.

परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढा. हॅवलॉकहून बोटीने येऊन त्याच दिवशी विमान पकडायचं, हा बेत कुणी कितीही गळी उतरवला तरी नाही म्हणा. आमचं तेच झालं. खाजगी बोट होती, हवा बिघडली म्हणून सकाळची फेरी रद्द झाली, दुसरी दुपारी सुटली, आणि आम्ही विमानतळावर पोचलो तेव्हा विमान गेलेलं होतं. चार माणसांची नवी तिकिटं काढावी लागली. बोटवाल्यांनी बोटीचे पैसे परत दिले, विमानाचं काय ते तुमचं तुम्ही बघा म्हणाले. समुद्र आहे, हवा बिघडणारच. पण हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून इथे लिहितोय.

खाजगी बोटीला हॅवलॉकपर्यंत साधारण दीड तास, सरकारी फेरीला अडीचच्या आसपास. खाजगी बोट बंद काचेची, वातानुकूलित. गेटवेहून मांडव्याला जाणारी डोळ्यासमोर आणा, पण हा खुला समुद्र आहे, हेलकावे वेगळे. सरकारी बोटीत डेकवर उभं राहता येतं. ज्यांना बोट लागते त्यांना मी डेकच सुचवेन. रिकाम्या पोटी बसू नका आणि भरल्या पोटीही नको, दोन इडल्या पुरे.

अबोली७

अगं सायली, आधी आईंच्या गुडघ्याचं बोलूया. जेलमध्ये खालचं सगळं, म्हणजे संग्रहालय, कोलू, फाशीघर, अंगण, जिन्याशिवाय होतं. वरच्या कोठडीला जिना आहे. त्यांना नाही चढवलं तरी चालेल, खाली बसायला सावली आहे.

रॉस बेट मात्र त्यांना नक्की दाखव. (आता अधिकृत नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. हॅवलॉक झालं स्वराज द्वीप, नील झालं शहीद द्वीप, ही तिन्ही नावं डिसेंबर २०१८ ची. पोर्ट ब्लेअर २०२४ मध्ये श्रीविजयपुरम झालं. तिकिटावर नवं नाव दिसेल, रिक्षावाले जुनंच म्हणतात, गोंधळून जाऊ नकोस.) अॅबरडीन धक्क्यावरून बोटीने दहा-पंधरा मिनिटं. वर फिरायला बॅटरीची गाडी मिळते.

तिथे इंग्रजांचं मुख्य ठाणं होतं. साहेबांचे बंगले, चर्च, बेकरी, नाचघर, सगळं या एवढ्याशा बेटावर. आणि बरोबर समोर, पाण्यापलीकडे, तो तुरुंग. १९४१ च्या भूकंपानंतर ते बेट सोडलं, पुढच्या वर्षी जपानी आले. आज त्या भिंतींवर झाडं चढली आहेत. मी एका खिडकीसमोर पाच मिनिटं उभी होते. खिडकीची चौकट कधीच गळून गेलीय आणि वडाच्या मुळांनी त्याच आकारात, चारही बाजूंनी, नवी चौकट धरलीय. आतली वीट मुळांच्या जोरावरच उभी आहे. हरणं माणसांना अजिबात घाबरत नाहीत, अगदी हाताशी येतात. त्यांना वेफर्स, बिस्किटं देऊ नका. लोक देतात.

ट्रॅव्हलवाले रॉसला तासभर देऊन तुला लगेच नॉर्थ बेला नेतील, कारण तिथे पाण्यातले खेळ विकता येतात. तुम्हाला ते करायचे नाहीत तर फक्त रॉसची बोट घे आणि सकाळचे तीन तास तिथेच काढ. नॉर्थ बेचं दीपगृह रॉसवरूनही दिसतं. आपली जुनी लालसर वीस रुपयांची नोट आठवते? माड आणि मधे दीपगृह? ते हेच. नव्या नोटेवर आपलं वेरूळ आलं.

मंगेश_चेंबूर

मस्त धागा, वाचनखूण साठवली. जेवणाचं कुणीतरी लिहा, आमच्याकडे माशाशिवाय पान हलत नाही.

भाऊचा_धक्का

मंगेश, काळजी नको. सुरमई, तांबोशी, कोळंबी, खेकडे, सगळं ताजं. पण आपलं कालवण तिथे शोधू नका. बंगाली पद्धतीचं मोहरीतलं किंवा तमिळ पद्धतीचं चिंचेतलं मिळेल आणि दोन्ही छान असतं. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबं तिथे वसवली गेली, त्यामुळे नील-हॅवलॉकच्या गावांत घरगुती बंगाली जेवण उत्तम मिळतं. शाकाहारी लोकांची दाक्षिणात्य खानावळींत चांगली सोय होते. बोलायला सगळीकडे हिंदी.

सायली_दादर

किती मनापासून लिहिताय सगळे, खूप आभार. बाबांना तो कडीचा परिच्छेद वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण रात्री जेवताना म्हणाले, तीन रात्रीच घे.

आता बाराटांगचं विचारते. पहाटे तीनला निघायचं, चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी. ट्रॅव्हलवाला म्हणतो "रस्त्यात जारवा पण दिसतील". जावं का?

निळीखाडी

शेवटच्या वाक्यासाठी लॉगिन केलं.

तो रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो. ती हजारो वर्षांपासून त्या बेटांवर राहणारी माणसं आहेत, संख्येने काही शेकडे. बाहेरच्या साध्या गोवर-सर्दीचाही त्यांना जीवघेणा धोका असतो. राखीव भागातून जाणारा तो रस्ता बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला होता. तरी जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांचा ताफा लागतो आणि पहाटेपासून सुटतो. थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, काही द्यायचं नाही, असे कडक नियम आहेत, आणि ते असायलाच हवेत. पण "जारवा दिसतील" असं सांगून सहल विकणारा माणूस आपल्याला माणसं बघायला नेतोय. मला हे सहन होत नाही. कुणी आपल्या चाळीच्या गॅलरीसमोरून रोज शंभर गाड्या न्याव्यात आणि आतले लोक काचेला नाक लावून आपल्याकडे बघत असावेत, कसं वाटेल?

त्यांच्याबद्दल खरंच जाणून घ्यायचं असेल तर शहरातलं मानववंशशास्त्र संग्रहालय बघा. जारवा, ओंगी, ग्रेट अंदमानी, सेंटिनेली यांच्या होड्या, धनुष्यं, झोपड्यांच्या प्रतिकृती, जुने फोटो आहेत. लहान आहे, दीड तासात होतं आणि आईंनाही जमेल. निकोबारला पर्यटक म्हणून सहसा जाता येत नाही, तेव्हा तिथल्या घरांची कल्पनाही इथेच येते.

मंगेश_चेंबूर

निळीखाडी, तुमची कळकळ पटते, पण आम्ही बाराटांगला गेलो होतो आणि खारफुटीतून गुहेकडे जाणारी ती छोटी होडी आयुष्यात विसरणार नाही. दोन्ही बाजूंनी झाडं वाकून वर कमान होते. गाडीत कुणी कॅमेरा काढला नाही, काचा बंद होत्या. जबाबदारीने जाता येतं असं मला वाटतं. ज्वालामुखी मात्र नाही बघितला तरी चालेल, चिखलाचे बुडबुडे आहेत.

निळीखाडी

खारफुटीच बघायची तर वांडूरहून जॉली बॉयला जा. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान, १९८३ चं. वन खात्याचा परवाना लागतो, आणि पावसाळ्याच्या बाजूचे महिने जॉली बॉय बंद ठेवून रेडस्किन बेट उघडतात, म्हणजे प्रवाळाला उसंत मिळते. डिसेंबरात जॉली बॉय असतं. खाडीतून खारफुटीच्या कडेकडेने बोट जाते, शेवटी काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ बघता येतं, आईंना पाण्यात उतरावं लागत नाही. प्लास्टिक नेता येत नाही, पाण्याच्या बाटलीसाठी अनामत ठेवावी लागते. बेटावर दुकान नाही, कचरा नाही. माझ्या मते अख्ख्या अंदमानात सरकारने सगळ्यात नीट सांभाळलेली जागा हीच.

पश्चिमवारा

उरलेलं लिहितो, उशीर झाला.

चाथम. पुलाने शहराला जोडलेलं छोटं बेट, त्यावर १८८३ ची लाकडाची सरकारी गिरणी. आत शिरताच ओल्या लाकडाचा वास येतो. पडौक या तिथल्या लाकडाचा ताजा कापलेला तुकडा हातात घ्या, आत विटेसारखा लाल असतो. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बने पडलेला खड्डाही आवारात जपून ठेवलाय. आणि मुंबईकरांसाठी एक धागा: १७८८-८९ मध्ये या बंदराची पाहणी करणारा, ज्याचं नाव शहराला लागलं, तो आर्चिबाल्ड ब्लेअर ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे मरीनचा, म्हणजे आपल्या मुंबईच्या आरमाराचा अधिकारी. पहिली वसाहत १७८९ मध्ये याच चाथमवर झाली. ती टिकली नाही. कैद्यांची वसाहत १८५८ ची, सत्तावनच्या उठावातल्या लोकांसाठी.

चाथमहून गाड्या नेणारी फेरी बांबू फ्लॅटला जाते, तिथून माउंट हॅरिएटवर (आता माउंट मणिपूर) जाता येतं. त्याच डोंगरावरून सूर्यास्त बघून खाली उतरताना, ८ फेब्रुवारी १८७२ ला, व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला शेर अली या कैद्याने धक्क्यावर भोसकलं. पुढच्याच महिन्यात शेर अलीला वायपर बेटावर फाशी दिलं. ते फाशीघर अजून उभं आहे.

हम्फ्रीगंज. शहराबाहेर आहे, कुठल्याही पॅकेजमध्ये नसतं. ३० जानेवारी १९४४ ला जपान्यांनी हेरगिरीच्या संशयावरून ४४ भारतीयांना गोळ्या घातल्या, त्यांचं स्मारक. महिनाभर आधीच, ३० डिसेंबर १९४३ ला, नेताजींनी शहरात तिरंगा फडकवला होता. मी गेलो तेव्हा आम्ही सोडून तिथे कुणीच नव्हतं. एक बाई झाडत होत्या, त्यांनी झाडू बाजूला ठेवला, आम्ही नमस्कार करेपर्यंत थांबल्या आणि मग पुन्हा झाडायला लागल्या.

चिडिया टापू, शहरापासून २५ किलोमीटर. सूर्यास्तासाठी जायचं, पण पावणेचारला तिथे पोचा. किनाऱ्यावर वाळलेल्या मोठाल्या झाडांचे सांगाडे दिसतील. २००४ च्या भूकंपात इथली जमीन खचली आणि खारं पाणी आत आलं. वांडूरला जाताना वाटेत सिप्पीघाटला थांबायला सांगा. रस्त्याच्या कडेला जे पाणी दिसतं, तिथे पूर्वी शेतं होती. मगरींच्या पाट्या लावलेल्या असतात, त्या खऱ्या आहेत. पाण्यात उतरायचं तर स्थानिक लोक उतरतात तिथेच.

हॅवलॉकला दोन रात्री पुरे. राधानगरचा किनारा संध्याकाळी बघा. नीलला एक रात्र, आणि तिथला दगडी नैसर्गिक पूल ओहोटीलाच गाठता येतो. वाट शेवाळलेल्या खडकांतून आहे, आईंना नेऊ नका. त्यांना भरतपूरच्या किनाऱ्यावर बसवा.

अबोली७

आणि शंखशिंपले, प्रवाळाचा तुकडा, काहीही उचलून बॅगेत टाकू नका. विमानतळावर तपासणीत निघतं आणि गुन्हा आहे. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका छोट्या मुलीची पिशवी रिकामी केली, ती ढसाढसा रडली. मुलांना आधीच समजावून सांगा. हवंच असेल तर सरकारी एम्पोरियममधून पावतीसकट घ्या.

सायली_दादर

परत आलो. काल रात्री उशिरा पोचलो, आज लिहायलाच बसले.

तुम्ही सांगितलं तसंच केलं. शहरात चार रात्री (शेवटची धरून), हॅवलॉक दोन, नील एक. बाराटांग काढून टाकलं, संग्रहालय केलं. रॉसवर आई तीन तास फिरली, गाडी फक्त चढाला घेतली. हम्फ्रीगंजला गेलो. चालक म्हणाला, वर्षभरात तिथे जायला सांगणारे तुम्ही दुसरे.

जेलचं लिहिते. आई खाली अंगणात बसली. बाबा सगळे जिने न थांबता चढले, मीच मागे राहिले. वर टोकाच्या कोठडीत फोटो काढणाऱ्यांची रांग होती, म्हणून बाबा बाहेर व्हरांड्यात उभे राहिले, पाऊण तास. कुणाला पुढे सरका म्हणाले नाहीत. एकदाची कोठडी रिकामी झाली तेव्हा चपला काढून आत गेले. बसले नाहीत, फोटो नको म्हणाले. भिंतीला टाच लावून पावलं मोजत एकदा लांबी चालले, एकदा रुंदी. मग शेजारच्या कोठडीच्या गजांतून हात बाहेर काढून कडीपर्यंत नेऊन बघितला. नाही पोचला.

खाली आल्यावर आईने विचारलं, केवढी आहे हो? बाबा म्हणाले, "आपल्या परळच्या खोलीपेक्षा थोडी लहान. तिथे आपण सात जण होतो ना, इथे तो एकटा."

आई मग उठली आणि म्हणाली, मला पण वर ने. अर्धा तास लागला. मी एका बाजूने धरलं, दुसऱ्या बाजूने एका बंगाली कुटुंबातल्या मुलाने. पश्चिमवारा, तुम्ही म्हणालात तशा पाट्या वाचायला मात्र वेळ उरला नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिकीट काढलं. बाबा वाचत होते आणि आई वहीत उतरवून घेत होती.